देवाची करणी की माणसाची?

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका रासायनिक प्रकल्पाच्या विस्तारासाठी भरलेल्या जनसुनावणीला मी गेलो होतो. मांडवात पुढे अधिकारी, मध्ये गावपुढारी आणि मागे कोळीवाड्यातून आलेल्या बायाबापड्या बसल्या होत्या. पर्यावरणविषयक अहवाल चांगला जाडजूड होता. या अहवालात त्सुनामीविषयी काय लिहिले आहे, असा प्रश्न एका तरुणाने विचारला. व्यासपीठावरील गृहस्थांनी पाने चाळली, काही सापडेना, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, त्सुनामी ही देवाची करणी. तिच्यापुढे माणूस काय करणार?" आणि माझ्या पांढऱ्या झग्याकडे बोट दाखवून त्यांनी पुस्ती जोडली, "हवे तर फादरांनाच विचारा." सभा हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते आता उशिरा का होईना, देत आहे.

देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दुसरी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. लहानपणी आपल्याला वाटे की ही आज्ञा शपथा घेणाऱ्यांसाठी आणि शिव्या देणाऱ्यांसाठी आहे. परंतु देवाच्या नावाचा सर्वात मोठा दुरुपयोग बाजारात किंवा गुत्त्यावर होत नाही. तो माणसाने करायचे काम न करता त्याचा दोष देवाच्या माथी मारण्यात होतो. लाट देवाच्या सृष्टीतील आहे, हे मला मान्य आहे. समुद्राच्या तळाशी भूकवचाचे थर सरकतात, पाणी उचलले जाते आणि किनाऱ्याकडे धावते. तो सृष्टीचा नियम आहे. पण त्या लाटेच्या वाटेत तेलाची टाकी कोणी ठेवली? टाकीचा व्हॉल्व्ह विजेविना बंद होणार नाही, अशी व्यवस्था कोणी केली? जनरेटर तळघरात कोणी बसवला? यांपैकी एकही गोष्ट सृष्टीच्या सहा दिवसांत घडलेली नाही.

जपानचे उदाहरण घेऊ. ११ मार्च २०११ रोजी त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. मियागी प्रांतात केसेन्नुमा नावाचे मच्छीमारांचे बंदर आहे. आपल्या अर्नाळ्याच्या किंवा उत्तनच्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. त्या बंदरावर तेलाच्या २३ टाक्या होत्या. त्यांपैकी २२ लाटेने वाहून नेल्या आणि सुमारे ११,५०० किलोलिटर तेल खाडीत सांडले. मोडलेली घरे, होड्या आणि लाकडे यांच्या ढिगाऱ्यांसह ते पेटले. पाण्यावर आग तरंगत होती आणि पाणी गावात शिरत होते. बुडण्यापासून वाचलेल्या माणसाला आता जळण्यापासून वाचायचे होते.

टाकी कशी वाहून जाते, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. रिकामी घागर विहिरीत सोडली तर तरंगते आणि भरलेली बुडते. टाकीचेही तसेच. आत तेल थोडे आणि बाहेर पाणी पुष्कळ अशी स्थिती झाली की एवढी अवजड पोलादी टाकी पायापासून उचलली जाते. जपानमधील पाहणीत असे आढळले की जेथे पाणी तीन मीटरांच्या आत राहिले तेथे बहुतेक टाक्या तगल्या, मात्र त्यांना जोडलेल्या पाइपलाइन तुटल्या. आणि जेथे पाणी पाच मीटरांच्या वर गेले तेथे टाक्याच जागेवरून हलल्या. म्हणजे टाकी उभी आहे एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. तिच्या पायथ्याचा पाइप तुटला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर टाकीतील सगळा माल बाहेर येतो. सेंदाई येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात लाट तुलनेने लहान होती. तरीही पाइप तुटून आग लागली, ती विझायला चार दिवस लागले आणि कारखाना पुन्हा सुरू व्हायला सुमारे वर्ष गेले.

टाक्यांभोवती आपल्याला जी भिंत दिसते, ती पाहून पुष्कळांना धीर येतो. ती भिंत आतले सांडलेले तेल बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली असते. बाहेरचा समुद्र आत येऊ नये यासाठी ती नव्हे. हा फरक मला एका निवृत्त फिटरने, आमच्याच गायनवृंदातील एका गृहस्थाने, समजावून दिला.

आता देवाच्या करणीचा मुद्दा. त्याच दिवशी, त्याच समुद्राच्या लाटेला दोन अणुवीज केंद्रे सामोरी गेली. विषय रसायनांचा असला तरी हे उदाहरण टाळता येत नाही. फुकुशिमाच्या जागी मुळात सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा होता. बांधकामाच्या सोयीसाठी तो तोडून जमीन सुमारे १० मीटरांवर आणली गेली. २००८ मध्ये कंपनीच्या स्वतःच्याच गणिताने १५ मीटरांहून उंच लाटेची शक्यता दाखवली होती. ते गणित कपाटात राहिले. ओनागावाचे केंद्र भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ होते. तेथे हिराई यानोसुके नावाच्या अभियंत्याने इ. स. ८६९ मधील जुन्या त्सुनामीची आठवण धरून, खर्चाची कुरकुर सोसून, केंद्र सुमारे १५ मीटर उंचीवर बांधायला लावले. ते केंद्र सुरक्षितपणे बंद झाले आणि आसपासच्या बेघर झालेल्या गावकऱ्यांनी त्याच आवारात आसरा घेतला. हिराई तोवर हयात नव्हते. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये फुकुशिमाची आपत्ती मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला. एका ठिकाणी देव कोपला आणि दुसऱ्या ठिकाणी प्रसन्न झाला, असे म्हणायला कोणी धजेल काय?

तसे म्हणणारे होते, आणि ते आमच्यातलेच होते, हे मी लपवणार नाही. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातील देवळे सकाळच्या उपासनेसाठी गच्च भरली होती. भूकंपाने छते कोसळली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, जीव वाचवायला माणसे नदीकाठी धावली आणि तेथे त्यांना त्सुनामीने गाठले. पुढील वर्षी मालाग्रिदा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने पुस्तिका लिहून सांगितले की हा सारा शहराच्या पापांचा परिणाम आहे, नैसर्गिक कारणे शोधणे व्यर्थ आहे आणि घरे बांधण्यापेक्षा पश्चात्तापाकडे लक्ष द्यावे. (पुढे त्यांचा जो क्रूर अंत झाला त्याचे समर्थन कोणीही करणार नाही.) त्याच वेळी पोर्तुगालच्या शासनाने देशभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठवली. भूकंप किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? पाणी नेहमीपेक्षा किती वीत वर आले? किती माणसे मेली? गावोगावच्या अनाम धर्मगुरूंनी आपापल्या कुवतीप्रमाणे उत्तरे लिहिली. ती उत्तरे आजही जपलेली आहेत आणि भूकंपशास्त्रज्ञ त्यांचा आधार घेतात. मालाग्रिदांचे प्रवचन आज कोणाच्या उपयोगाचे नाही, पण पाणी किती वीत चढले हे मोजणाऱ्या त्या फादरांची उत्तरे अडीचशे वर्षांनंतरही माणसांचे जीव वाचवण्याच्या कामी येत आहेत.

आपल्या उपासना-पंचांगातील दिवसांशी त्सुनामीचा हा संबंध विलक्षण आहे. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात प्रचंड भूकंप झाला, तो गुड फ्रायडेचा दिवस होता. सेवर्ड गावाच्या धक्क्यावरील तेलाच्या टाक्या पाण्यात कोसळल्या, तेल पेटले आणि लाटांनी ते जळते तेल गावात आणले. २६ डिसेंबर २००४ हा नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. त्या सकाळी वेलंकणीच्या किनाऱ्यावर शेकडो यात्रेकरू बुडाले. बॅसिलिका वाचली, म्हणून मातेचा चमत्कार झाला असे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. मातेवर माझीही श्रद्धा आहे. पण जे मिस्सा आटोपून समुद्रात पाय धुवायला गेले, ज्यांची लेकरे हातातून सुटली, त्यांच्यावर माता रुसली होती काय? शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूनेच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले. संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पाहावा.

लाट आपल्याकडे येत नाही, ती बंगालच्या उपसागरात येते, असे समाधान करून घेणारे सुशिक्षितही मला भेटतात. त्यांच्यासाठी एक तारीख सांगतो. २८ नोव्हेंबर १९४५. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेतीनच्या सुमारास, आज पाकिस्तान आणि इराण यांच्या किनाऱ्याचा भाग असलेल्या मकरानजवळ समुद्रात ८.१ क्षमतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरची लाट आली. वर्सोवा, हाजी अली या भागांत माणसे वाहून गेली. मुंबईतील मृतांची नोंद सुमारे १५ आहे.

त्या सकाळी तुर्भे-माहूलच्या बाजूला काय होते? मिठागरे, खाजण, कोळी आणि ईस्ट इंडियन गावठाणे. तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात आले, खतकारखाना १९६० च्या दशकात. अलिबागजवळ थळचा खतप्रकल्प १९८० च्या दशकात, न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये आणि त्याच्यामागून द्रवरूप रसायने साठवणाऱ्या टाक्यांच्या रांगा. १९४५ ची लाट होड्यांवर आणि माणसांवर आदळली. तशीच लाट उद्या आली तर ती कशावर आदळेल, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय, आणि मांडला असेल तर तो टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना सांगितला आहे काय? मकरान तेथेच आहे, समुद्र तोच आहे. बदल केला तो आपण.

"दोनशे वर्षांत एकदा येणाऱ्या लाटेसाठी खर्च कोण करणार?" हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो घेणाऱ्यांत आपल्याच धर्मग्रामांतील व्यवस्थापक आणि अभियंते आहेत. मी कारखाने बंद करा असे म्हणत नाही. आपल्या किती कुटुंबांची चूल त्या पगारावर पेटते, हे मला वार्षिक घरभेटींत दिसते. माझे म्हणणे असे की खर्च केवळ त्सुनामीसाठी नसतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातील बुचर बेटावर डिझेलच्या टाकीला आग लागली. ती वीज पडून लागली असे सांगण्यात आले आणि ती विझायला दिवसांमागून दिवस गेले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेल वाहत जाऊन चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत पसरले आणि मच्छीमारांची जाळी, होड्या, खेकडे सगळे काळे झाले. वीज, वादळ, पूर, लाट यांची नावे वेगळी आहेत, पण आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, उंचावर बसवलेला जनरेटर, पायाला घट्ट बांधलेली टाकी आणि पाणी लागताच पेट घेणारी रसायने वरच्या मजल्यावर ठेवण्याची शिस्त या सर्वांनाच लागू पडतात. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना शेजारच्या टाक्यांची आठवण झाली?

कायद्याच्या भाषेतही देवाची करणी हा शब्दप्रयोग आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायतत्त्वानुसार धोकादायक वस्तू निसटून नुकसान झाले तर मालक जबाबदार, मात्र देवाची करणी असेल तर सुटका. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती पळवाट आपल्यापुरती बुजवली. घातक उद्योग चालवून नफा घेणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, तिला देवाच्या करणीचाही अपवाद नाही, असे तत्त्व त्यांनी घालून दिले. भोपाळच्या मृतांच्या छायेत दिलेला हा निकाल होता. म्हणजे ज्या गृहस्थांनी मला जनसुनावणीत साक्षीला बोलावले, त्यांचे म्हणणे धर्मशास्त्रात बसत नाही आणि न्यायशास्त्रातही बसत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात १९९२ च्या रिओ परिषदेतील सावधगिरीचे तत्त्व स्वीकारले आहे. गंभीर आणि भरून न येणाऱ्या हानीची भीती असेल, तर शास्त्रीय खात्री पूर्ण नाही ही सबब उपाय पुढे ढकलायला चालत नाही. पुराव्याचे ओझे अशा वेळी धोका सोसणाऱ्यावर पडत नाही, तो निर्माण करणाऱ्यावर पडते. हे परिपत्रक आपल्या घरांत पोचले ते झाडे लावण्याच्या कार्यक्रमांपुरते. झाडे जरूर लावावीत. पण परिपत्रक त्याहून बोचरे आहे.

देशात नियम नाहीत असे नव्हे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आवाराच्या आतील आणीबाणीचा आराखडा करायचा, दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची, जिल्हा प्रशासनाने आवाराबाहेरील आराखड्याची वर्षातून एकदा तालीम करायची आणि आजूबाजूच्या लोकांना धोक्याची व बचावाची माहिती द्यायची. माझ्या जवळजवळ तीस वर्षांच्या सेवेत किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांत मी बराच काळ घालवला. अशी माहिती घेऊन दारात आलेला माणूस मला एकदाही भेटलेला नाही. दारात येतात ती दिनदर्शिका आणि मिठाई. ती आम्ही आनंदाने घेतो, हेही कबूल केले पाहिजे.

ही माहिती का हवी, याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. लाटेचा इशारा आला तर उंचावर आणि आत जमिनीकडे पळावे लागते. वायूची गळती झाली तर वाऱ्याला आडवे जावे लागते, किंवा दारे-खिडक्या लावून घरातच थांबावे लागते. क्लोरिनसारखा वायू हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात साचतो. आता लाट आणि गळती एकाच वेळी आली, आणि उंच रस्ता नेमका टाक्यांच्या कुंपणावरून जात असेल, तर आईने लेकराला घेऊन कोठे धावायचे? भोपाळला १९८४ मध्ये लोक वायूच्याच दिशेने धावले. ओले फडके तोंडावर धरा एवढेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. हा पेच भोंगा वाजल्यावर सुटत नाही. तो आधी, दिवसाउजेडी, नकाशा पुढ्यात घेऊन सोडवावा लागतो.

आणि ते अशक्य नाही. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीच्या पूर्वसूचनेचे केंद्र चालू आहे. भूकंपानंतर काही मिनिटांत ते इशारा देऊ शकते. १९४५ ची लाट मुंबईला पोचायला पावणेपाच तास लागले होते. एवढ्या वेळात माणसे हलवता येतात, जहाजे धक्क्यापासून सोडवून खोल समुद्रात नेता येतात, पंप थांबवता येतात; पण कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असेल तरच. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन मच्छीमार गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरी आयोगाने त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून मान्यता दिली. हिंदी महासागराच्या परिसरात असा मान मिळवणारी ती पहिलीच गावे. गावकऱ्यांनी नकाशे काढले, पळण्याच्या वाटा ठरवल्या, फलक लावले, तालमी केल्या. आपल्या गावांत त्यांच्याहून अधिक शिकलेली माणसे आहेत, भक्कम मंडळे आहेत, दर रविवारी भरणारे सभागृह आहे आणि दूरवर ऐकू जाणारी घंटा आहे.

म्हणून किनाऱ्यावरील माझ्या धर्मगुरू-बंधूंना आणि धर्मग्राम परिषदांना माझी सूचना अशी की १७५६ च्या त्या फादरांसारखी एक प्रश्नावली आपणही हाती घ्यावी. फरक एवढाच की तेव्हा उत्तरे फादरांनी दिली, या वेळी प्रश्न आपण विचारावेत आणि उत्तरे जिल्हाधिकारी कार्यालयाने व कारखान्यांनी द्यावीत. आवाराबाहेरील आराखडा मराठीत उपलब्ध आहे काय, आणि त्यात त्सुनामीचा उल्लेख आहे काय? शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली आणि तीत आमच्या गावातील कोण हजर होते? भरतीच्या रेषेपासून टाक्या किती उंचीवर आहेत? इशारा आल्यावर अर्धवट रिकाम्या टाक्यांचे काय करायचे, हे कोणी ठरवले आहे? क्लोरिनचे, अमोनियाचे सिलिंडर साखळीने बांधलेले असतात की नुसते उभे असतात? रात्रपाळीत हा निर्णय कोण घेतो, आणि मुख्य अधिकारी रजेवर असला तर कोण? वीज गेल्यावर टाकीच्या पायथ्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, की तो फिरवायला एक माणूस लाटेच्या तोंडी पाठवावा लागतो? पाठवावा लागत असेल तर त्या माणसाचे नाव काय, आणि तो कोणत्या धर्मग्रामातला आहे?